मुरमाच्या माळावर प्रेमलाकाकू

रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यात समोरच्या घरात राहणाऱ्या प्रेमला रामटेके म्हणजे एकेकाळच्या कवायतीच्या बाई. रेल्वे कॉलनीतल्या शाळेत त्यांच्या शिट्टीसरशी अख्खं मैदान सरळ उभं राहायचं. निवृत्तीनंतर त्यांना लकवा मारला. जीव वाचला, पण डावा पाय फरफटू लागला आणि डावा हात त्या पदराखाली झाकून ठेवू लागल्या.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पहिल्या सकाळी काकू गल्लीत निघाल्या, तर कोणी खुर्ची आणली, कोणी दंड धरला, कोणी "बेचारी" म्हणालं. त्या तशाच मागे फिरल्या. नंतर कितीतरी दिवस घराबाहेर आल्याच नाहीत.

"मले असं ठिकाण पाहिजे," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "जिथं मले कोनी ओळखत नाही."

गुलाबराव रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, बोलायला कमी. त्यांनी चौकशी केली आणि एका सकाळी काकूंना घेऊन ते तेलीबांध्याहून नव्या रायपूरच्या बसमध्ये बसले.

नवी राजधानी तेव्हा अजून भरायची होती. रुंद रस्ते होते, त्यांवर माणसं नव्हती. तिथे एका बाजूला मुरमाचा उघडा माळ तसाच राखून त्यात फिरायच्या वाटा आखल्या होत्या. लाल खडी, बोरीची काटेरी झुडपं, मधूनच काळपट दगड. हिरवळ नाही, कारंजं नाही. उन्हाळ्यात तर सगळा माळ भाजलेल्या विटेसारखा दिसायचा. वाटा मात्र सोप्या, सपाट. एकच वाट जरा चढून टेकाडावर जायची.

काकूंनी चहूकडे पाहिलं. लांबवर कोणी नव्हतं. त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला.

पहिले काही दिवस त्या जवळच्या कडुनिंबापर्यंत जाऊन परतायच्या. मग त्याच्या पुढच्या बाकापर्यंत. गुलाबराव पाण्याची बाटली घेऊन मागे. एकदा खडीवरून पाय घसरला आणि काकू कोसळल्या. गुलाबराव धावले.

"हात नका लावू!" काकू ओरडल्या. "मले उठता येते का नाही, पाहू द्या."

ते थांबले. नंतर आम्हाला सांगताना म्हणाले, "आयुष्यात एवढं कठीन काम केलं नाही मी. नुसतं उभं राहायचं होतं."

काकू दगडाला धरून गुडघ्यावर आल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. लुगड्याला लाल माती, कोपराला खरचटलेलं. उभ्या राहिल्यावर त्यांना जोरात हसू आलं. "आता पडायची भीती गेली," म्हणाल्या, आणि परत न फिरता बाकापर्यंत गेल्या.

तिथून त्यांनी मागे पाहिलं नाही. हिवाळा लागेपर्यंत सगळी सपाट वाट त्या एकट्या फिरू लागल्या. दुसरे फिरणारेही ओळखीचे झाले. कोणी "दीदी, धीरे" म्हटलं तर त्या म्हणायच्या, "तुम्ही व्हा पुढं, मी येऊन राहिली."

डिसेंबरात भिलाईहून नात अनुश्री आली. कॉलेजातली पोरगी, मराठी समजायची पण उत्तर हिंदीतच. तिने टेकाडाकडे बोट दाखवलं. "दादी, आप यहीं बैठो, मैं ऊपर से फोटो लेकर आती हूँ।"

"काहून? मी काय फोटोत चांगली दिसत नाही?"

अनुश्री हसली, पण काकू खरोखरच चढणीला लागल्या तेव्हा तिचा चेहरा उतरला. ती हात धरायला गेली. गुलाबरावांनी तिला मानेनंच नाही म्हटलं. काकू उजवा पाय आधी टाकत, डावा ओढून घेत. मध्येच थांबून धापा टाकत. शेवटच्या चढावर खडी सैल होती, तिथे त्यांनी स्वतःहून नातीपुढे हात केला. अधू, डावा हात.

"हा धर," म्हणाल्या. "यालेबी काम पाहिजे."

वर वारा होता. खाली लाल माळ, पलीकडे नव्या इमारती. अनुश्री फोटो काढायचं विसरली. तिने तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता, आणि काकू तिला बोटाने दाखवत होत्या की उद्या खालच्या कुठल्या वाटेने फिरायचं.