ट्रेलरमधली पॉन्टिॲक

व्हर्लिन स्टकीच्या पॉन्टिॲक मोटारीला नावं ठेवायला जागा नव्हती, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. एकोणसत्तर सालचं जीटीओ मॉडेल, गडद हिरवी, चार गिअरची. विजेच्या खांबांवर चढण्यात जन्म घालवलेल्या या माणसानं निवृत्त झाल्यावर ती कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यातून नुसता गंजका सांगाडा म्हणून उचलून आणली. बायकोला, नेडीनला, म्हणाला, "ही उभी राहिली की आपण दोघं थेट पॅसिफिकपर्यंत जायचं. काचा खाली करून."

लग्न झालं तेव्हा त्यांच्याकडे अशीच गाडी होती. पण तीतून ती दोघं ओहायोच्या पलीकडे फारशी गेलीच नाहीत. मुलं झाली आणि ती गाडी विकून ऐसपैस स्टेशन वॅगन घ्यावी लागली. म्हणून नेडीननं हे बोलणं अगदी मनावर घेतलं. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीवर बटाटे सोलताना ती वाटेतली गावं म्हणत बसायची. जॉप्लिन, टल्सा, ॲमरिलो, गॅलप.

गाडी उभी राहिली. पण इतकी देखणी, की व्हर्लिनला ती रस्त्यावर काढवेना. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातले परीक्षक आरसे घेऊन तिच्या पोटाखाली डोकावत आणि मान डोलावत उठत. खडा उडाला तर रंगाचा टवका जाईल, मैल वाढले तर पत जाईल. मग तिला आत ठेवून न्यायला बंद ट्रेलर आला, तो ओढायला पिकअप आली. पॉन्टिॲक ट्रेलरमधून प्रदर्शनाला जायची आणि ट्रेलरमधूनच घरी यायची. उन्हाळ्यातल्या दर शनिवारी नेडीन कुठल्या तरी तापलेल्या पार्किंगमध्ये गाडीमागे घडीच्या खुर्चीत बसलेली असे, बाकीच्या बायकांबरोबर सँडविच खात.

"मग, या उन्हाळ्यात?" ती विचारायची.

"अगं, कोलंबसचं प्रदर्शन तेवढं होऊ दे."

"गेल्या वर्षीही कोलंबसच होतं."

"गेल्या वर्षी दुसरा नंबर आला ना. तुला सगळ्याची घाई."

बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसाही नव्हता. प्यायचा नाही, आवाज चढवायचा नाही, नेडीनचं दुखलंखुपलं बघायचा. फक्त त्या गाडीपुढे त्याची अक्कल गहाण पडलेली होती, आणि अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

मग नेडीनची फुप्फुसं थकत गेली. नाकात नळी आली, पायाशी ऑक्सिजनचं यंत्र आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठे जायचं असेल तर आताच जा. व्हर्लिन हादरला. सगळी प्रदर्शनं रद्द करून त्यानं खरोखरच तयारी केली. आणि तेव्हासुद्धा शहाण्यानं काय करावं? पॉन्टिॲक ट्रेलरमध्ये चढवली.

"पुढे रस्ता चांगला लागला की उतरवू," तो म्हणाला. "ओक्लाहोमात गारा पडतात, नेडीन."

नेडीन पिकअपमध्ये बसली. जॉप्लिन गेलं, टल्सा गेलं, ॲमरिलो गेलं. पेट्रोल पंपावरची माणसं विचारत, ट्रेलरमध्ये काय आहे म्हणून. "माझी सवत," ती सांगायची आणि खोकला येईपर्यंत हसायची. व्हर्लिन हसायचा नाही.

न्यू मेक्सिकोत एका दुपारी नवं डांबर घातलेला, चिटपाखरूही नसलेला रस्ता लागला. नेडीननं त्याच्या हातावर हात ठेवला. "व्हर्लिन, आता. उद्याचं मी काही सांगत नाही."

त्यानं गाडी उतरवली. यंत्रासकट, धुळकट बुटांसकट तिला शेजारी बसवलं. इंजिन सुरू झालं तशी सीट थरथरली आणि नेडीनचा चेहरा लग्नातल्यासारखा उजळला. पण काचा खाली होत्या, आणि त्या जुन्या इंजिनाचा धूर आणि पेट्रोलचा वास सरळ आत येत होता. अर्ध्या मैलातच तिला उबळ आली. ओठ निळे पडले. "उतरव मला," ती कशीबशी म्हणाली.

पिकअपमध्ये आणून त्यानं ऑक्सिजन वाढवला, तिच्या तोंडावर रंग येईपर्यंत तिचा हात चोळत बसला. "थोड्या वेळानं पुन्हा बघू हं," तो म्हणाला.

"नाही रे. मला ती आता झेपत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तू जा. एक चक्कर मारून ये. इतक्या लांब आणलीस ना."

तो नको नको म्हणत गेला. पहिल्यांदा हळूच चालवली. मग रस्ता सरळ झाला आणि त्यानं पाय दाबला. गाडीनं त्याला मागे सीटवर दाबून धरलं. तिसरा गिअर, चौथा, दोन्हीकडून लाल माती मागे पळत होती, आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस एकटाच मोठमोठ्यानं हसत सुटला. हसता हसता तिला काहीतरी सांगायला म्हणून उजवीकडच्या रिकाम्या सीटकडे वळला.

तो परत आला तेव्हा नेडीन जागीच होती. "कशी होती?"

"काही खास नाही गं. नुसता आवाज."

"खोटं बोलू नकोस. इथवर ऐकू येत होतं." तिनं त्याचा लाल झालेला चेहरा न्याहाळला. "अशी होती होय. आणि हे तू मला इतकी वर्षं दिलं नाहीस." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि व्हर्लिनला तेच सहन होईना. "चल, घरी जाऊ," ती म्हणाली.

त्यानं ट्रेलरचं दार उघडलं. पॉन्टिॲकच्या चाकांवर, दारांच्या खालच्या कडेला लाल धूळ बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच तो फडकं घेऊन खाली बसला. नेडीन पिकअपच्या आरशातून बघत होती, हे त्याला माहीत होतं. पुढचं चाक पुसून झाल्यावर तो मागच्याकडे सरकला.