रक्तातला सोडा

सन दोन हजार बावीस. माझं वय एकाहत्तर. मुलुंडच्या डायलिसिस सेंटरात पहिल्या दिवशी फिलोमिना सिस्टर माझ्या हाताकडे न बघता छातीकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "काका, धावत आलात? नाही ना? मग रक्त आंबट झालंय."

गोराईची ख्रिस्ती बाई, पन्नाशीची, आवाज बाजारातला. प्रत्येकाला सांगायची, "हट्ट बाहेर चपलांजवळ काढायचा." माझा निघत नव्हता. मी चौथी शिकलेला, पण घाटकोपरला माझ्या गाडीवर भजी खायला वकील उभे राहायचे. रक्त आंबट म्हणजे काय ते कळल्याशिवाय सुई नको, म्हटलं.

"बेसनात सोडा घालून लिंबू पिळलं की काय होतं?"

"फसफसतं."

"तेच. जेवलात, चाललात की अंगात आम्ल तयार होतं. रक्तातला सोडा त्याला धरतो. त्याचं पाणी होतं नि वायू होतो. वायू श्वासावाटे जातो, म्हणून तुमची छाती धावते. पण सोडा खर्च होतो ना? तो परत भरायचं काम किडनीचं. तुमची बसली घरी. आता मशीन भरणार."

पटलं, त्या दिवशी सुई घेतली. पण सोडा तर आमच्या घरात डबाभर. डायलिसिसची पुढची पाळी चुकवून मी तोच पाण्यातून घेत राहिलो. पाय सुजले, आडवं झालं की गुदमरायचो. मुलाने रिक्षात घालून आणलं. मशीन लावता लावता सिस्टरने विचारलं, सोड्यातलं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, ते काढणार कोण, तुमची कढई? मी म्हटलं, सोडा जुना होता. तेव्हा मात्र ती हसली.

सुई टोचताना ती गोराईचं काहीबाही सांगायची. आईने वाळत घातलेले बोंबील, भावाची भांडणं. माझं सुईकडे लक्षच जायचं नाही. बायको गेल्यापासून माझ्याशी एवढं कोणी बोललं नव्हतं.

मग ती लेकीकडे परदेशी निघाली. माझ्या पाळीच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला घरी आली. मी सांगून टाकलं, दुसऱ्याच्या हातची सुई घेणार नाही, उद्यापासून येणार नाही.

"माझ्यासाठी येत होतात काय?"

मी तिच्यापुढे चहाचा कप सरकवला.

"मी गेले म्हणून आम्ल थांबणार आहे का, काका?" एवढं म्हणून ती बराच वेळ माझा श्वास बघत बसली. मग चपला घालून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच सेंटरात गेलो. नवी पोरगी मुकाट्याने शीर चाचपत होती. मी हात पुढे केला. म्हटलं, "टोच. पण तुझं गाव कुठलं, ते सांगत टोच."