चुन्यावरची रेघ

धुरपदाबाईच्या घरातून मोडकी वस्तू बाहेर जात नसे, तिचं फक्त काम बदलत असे. बूड गेलेल्या बादलीत गवती चहा वाढे, फुटक्या बरणीच्या बुडात कोंबड्या पाणी पीत. सून पंकजा एखादं डबडं उकिरड्यावर टाकायला निघाली की ओसरीवरून आवाज येई, "ठिव तिथं. टाकायला आपण काय मालदार हाव?"

राणीसावरगावातल्या कितीतरी घरांसारखं हे घरही दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघायचं. धुरपदाबाईचे बहुतेक हिवाळे उसाच्या फडातच गेले होते. सगळा संसार ट्रॉलीत चढवायचा आणि उन्हाळ्यात पुन्हा गावात उतरवायचा, त्यामुळे वाटेत काय टिकतं आणि काय फुटतं हे तिला पाठ होतं. आता गुडघे गेले, तशी ती गावात राहून शेळ्या सांभाळू लागली. तिचंही काम बदललं होतं.

यंदा मुलगा परमेश्वर याने ट्रॉली घेतली होती. जुनीच, पण तिला त्याने असा लालभडक रंग दिला होता की गल्लीतली पोरं हात लावून बोटं रंगवून गेली. आजवर दुसऱ्याच्या ट्रॉलीत बसून जाणारं हे घर आता आपल्या ट्रॉलीतून अख्खी टोळी नेणार होतं. दसऱ्याला पूजा, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं.

रंग नव्हता तो फक्त पुढच्या कडीला. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायची ती हीच जाड लोखंडी कडी. सारा भार तिच्यावर, आणि सतत घासत असल्यामुळे रंग टिकत नाही. दसऱ्याच्या सकाळी पंकजाने ती डिझेलच्या फडक्याने घासली, कोरडी पुसली आणि शोभेला चुना लावला. चुना वाळल्यावर ती हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली, तर पांढऱ्यावर एक काळसर ओली रेघ उमटलेली.

"नीट पुसलं न्हाईस," धुरपदाबाई म्हणाली. "हात एकीकडं आन ध्यान एकीकडं."

"पुसलं की आत्याबाई. पदरानं पुसलं. हा बघा पदर."

पंकजाने पुन्हा पुसून पुन्हा चुना लावला. चुलीवर पुरण शिजेपर्यंत रेघ परत आली. तिथेच, तशीच, केसासारखी बारीक.

टोळीचा मुकादम बन्सीधर बाजेवर चहा पीत होता. "वैनी, कडीनं काजळ घातलंय," तो म्हणाला. "सासरी निघायची तयारी करायलीय."

परमेश्वर हसला. "डिझेल हाय माय ते. उद्यापतुर वाळंल."

"सुनेच्या हाताला काही जमंना," म्हणत धुरपदाबाईने चुन्याची वाटी स्वतः घेतली. कडी खसाखसा पुसली, नख फिरवून पाहिलं. नखाला काही लागलं नाही. चुना लावून ती समोरच्या दगडावर बसली आणि बघत राहिली. चुना वाळला. मग हळूहळू तीच रेघ वर आली.

असं पाझरणं तिने कुठे पाहिलं होतं ते तिला आठवलं. लोणच्याची बरणी. सकाळी पुसावी, संध्याकाळी तिच्या अंगावर तेलाचा ओघळ. तेल सांडते म्हणून पंकजाला महिनाभर ऐकून घ्यावं लागलं होतं. शेवटी कुणाचा धक्का न लागता बरणी दोन फाका होऊन पडली, तीही पाहुण्यांसमोर.

"परमेश्वरा, कडी चिरलीय. चिरेतलं डिझेल वर येतंय."

"लोखंड हाय ते माय, बरणी न्हाई. मागच्या साली जुन्या मालकाकडं ह्याच कडीनं सारा हंगाम वढलाय."

"बरणीनंबी लय वर्सं तेल सांभाळलं व्हतं."

बन्सीधरने बशी खाली ठेवली. "उद्या निघायचंय. कारखान्याला काय सांगू? म्हातारीच्या बरणीनं अडवलं म्हनू?"

"सांग. माझं नाव घेऊन सांग." धुरपदाबाईने ट्रॉलीत ठेवलेलं नातीचं गाठोडं काढून ओसरीवर नेलं. मग ती ट्रॉलीच्या पुढच्या, कडी बसवलेल्या दांडीवर जाऊन बसली. "माझी नात ह्याच्यात बसनार न्हाई. आता काय जोडायचं ते माझ्यासकट जोडा."

गल्ली जमायला लागली. परमेश्वरची मान खाली गेली. पटलं म्हणून नाही, लाजेखातर तो वेल्डिंगवाल्या बुद्धभूषणला आणायला गेला. बुद्धभूषण विहारातून वंदना आटोपून आलेला, अंगावर पांढरेशुभ्र कपडे.

"आज आमचाबी मोठा दिवस, मावशी. आन तुमाला आजच कडी दिसली?" असं म्हणून तो वाकला. रेघ पाहिल्यावर मात्र हसला नाही.

घरातला घण पूजेत मांडलेला, तो आज हलवायचा नाही. बुद्धभूषणने आपला हातोडा मागवला, नट खोलून कडी दगडावर ठेवली आणि हाणली. दुसऱ्याच घावाला ती रेघेवर उघडली.

तुटलेली बाजू जवळजवळ सगळी काळी, तेलकट होती. कापलेल्या खोडात असतात तशी बारीक वलयं तिच्यावर दिसत होती. आतल्या कडेला मात्र नखाएवढी चंद्रकोर, नव्या लोखंडासारखी लख्ख.

"काळं हाय ते जुनं," बुद्धभूषण म्हणाला. "एका दिसाचं न्हाई हे. दर खड्ड्याला, दर हिसक्याला केसभर पुढं सरकतंय. लय भार लागत न्हाई त्याला, सारखा लागतो. ही लख्ख कोर तेवढी धरून व्हती. उद्या हिच्याच जिवावर निघाला असता तुमी."

परमेश्वरने त्या कोरीवरून अंगठा फिरवला आणि झटकन काढून घेतला.

धुरपदाबाई दांडीवरून उठली. गुडघ्यांवर हात दाबत ती सुनेपाशी आली. "पुसलं व्हतंस बाई तू. दोन्ही बारी."

"आन बरणी?" पंकजाने विचारलं.

"सनासुदीचं बरणीचं कशाला काढायलीस? पुरन लागंल खाली, जा."

दुसऱ्या दिवशी नवी कडी बसली. धुरपदाबाईने तिला आधी डिझेलने न्हाऊ घातलं, कोरडी पुसली, मग चुना लावला आणि दुपारपर्यंत दगडावरून हलली नाही. जुन्या कडीचा तुकडा पंकजाने भंगारात टाकायला उचलला, तेव्हा ओसरीवरून आवाज आला, "ठिव तिथं. शेळीच्या दाव्याला व्हईल."

टोळी एक दिवस उशिरा निघाली. नात हात हलवत होती, पंकजा डोळे पुसत होती. धुरपदाबाई मात्र वळण येईपर्यंत कडीकडेच बघत होती. चुना पांढराच होता.