टेलची चारी आणि एफटीपी

कालव्याचं पाणी शेतापर्यंत नेणाऱ्या चारीत गाळ कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, तरी दर वर्षी घमेली भरभरून उपसावा लागतो. आमच्या वेबसाइटच्या किश्शांचं तसंच झालंय. कुणी जमवले नाहीत, साठत गेले. दोघंतिघं चहाला बसलो की कुणीतरी म्हणतं, "तो निळ्या पाण्याचा सांग की!" आणि मग दुपार तिथेच संपते.

आधी मंडळी सांगते. राहू गावाच्या पुढे, कालव्याच्या एका फाट्याच्या अगदी शेवटाला आमची वस्ती. अशा शेवटाला आमच्याकडे 'टेल' म्हणतात आणि सुरुवातीला 'हेड'. आजोबांपर्यंत आम्ही मेंढरं राखायचो. टेललाही पाणी पोचेल असं छातीठोक सांगण्यात आलं, म्हणून मेंढरं विकली, घरं बांधली, जमिनी नांगरल्या. पाणी कागदावर दर पाळीला यायचं. चारीत मात्र हेडच्या बागा पिऊन उरलं तर नुसती ओल यायची.

मी हिमाचलच्या बोर्डिंग शाळेत आणि नंतर चेन्नईत शिकून परत आले, तेव्हा डोकं तापलेलंच होतं. त्यात कौसाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, पहिल्याच दिवशी म्हणाली, "ह्या उन्हाळ्यात पानी न्हाई आलं, तर मी पुन्हा मेंढरं घेनार आन् वाट धरनार. कोरडं वावर राखायला मी काय बुजगावनं हाय?" ती खरंच गेली असती. आणि ती उठली असती तर मागोमाग अर्धी वस्ती उठली असती.

अर्ज करून झाले होते. कालव्याच्या ऑफिसाचं उत्तर ठरलेलं: 'पाणी सोडण्यात आले आहे.' मी म्हटलं, पुरे झाले अर्ज! रोज चारीचा फोटो काढायचा आणि सगळ्या जगाला दाखवायचा. वेबसाइट काढायची!

माझे चुलते आप्पा पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी पुण्याहून फ्लॉपीवर फोटो उतरवणारा जुना कॅमेरा आणला आणि आत्याच्या हातात दिला, कारण तिचं वावर चारीला लागून. आत्या फोटो काढणार, फ्लॉपी दुधाच्या टेम्पोतून शिरूरला येणार. शिरूरला साळवे सर. मिशनच्या शाळेतून रिटायर झालेले, माझ्या वडिलांचे मास्तर. त्यांच्या घरी फोन होता, कॉम्प्युटर होता आणि माझ्यासाठी एक खोलीही होती.

*

वेबसाइटची पानं तयार झाली, पण ती सर्व्हरवर चढवायला एफटीपीचा प्रोग्राम लागतो. तो मी सरांच्या कॉम्प्युटरवर टाकला, तेव्हा आप्पा खास बघायला आले होते. खिडकीचे दोन भाग. डावीकडे आपल्या फाइली, उजवीकडे सर्व्हर. डावीकडची फाइल उचलून उजवीकडे सोडायची.

"म्हंजी ह्या वाफ्यातलं पानी त्या वाफ्यात," आप्पा म्हणाले. "दारं धरायचं काम हाय की! हे आमचं काम. तू शिकलीस कशाला एवढ्या लांब?"

मी कनेक्टचं बटण दाबलं. सर्व्हरने साफ नकार दिला. पुन्हा दाबलं, पुन्हा नकार! बघते तर 'अॅनॉनिमस'च्या चौकटीत बरोबरची खूण.

"म्हंजी काय?"

"निनावी, आप्पा. नाव न सांगता आत जायचं."

आप्पा ताडकन उभे राहिले. "निनावी अर्ज करनाऱ्याचं तोंड मी बघत न्हाई! नाव घाल आपलं. संस्थेचं घाल, माझं घाल, माझ्या बापाचं घाल!"

मी खूण काढली, यूजरनेम भरलं, पासवर्ड भरला. क्षणात जोडलं गेलं. आप्पा खाली बसले आणि सरांकडे बघून समाधानाने म्हणाले, "बघा सर. मशीनला बी अब्रू हाय!"

*

पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो, यावर मी आप्पांना बराच वेळ लेक्चर दिलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मान डोलावली.

पण संस्थेची एक पद्धत आहे. संस्थेची जी जी वस्तू, ती सभेत वाचून दाखवायची आणि मंजूर करून घ्यायची. कुदळ घेतली तरी. त्यामुळे पुढच्या सभेत बिरोबाच्या देवळात आप्पांनी पासवर्ड खड्या आवाजात वाचून दाखवला. सूचक उभे राहिले, अनुमोदकही उभे राहिले, टाळ्या झाल्या!

मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. "आप्पा, हेडची माणसंसुद्धा असतील की देवळात!"

"व्हती की. पुढंच बसली व्हती."

"मग?"

"मग काय? ती चोरून पानी घेत्यात. आपन बी चोरून लिवायचं का?"

मी गुपचूप पासवर्ड बदलला. पुढच्या सभेत, अध्यक्षांना न विचारता पासवर्ड बदलल्याबद्दल माझ्या निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला.

*

साळवे सरांचा फाइलवर विश्वास नव्हता. त्यांची सगळी हयात एसटीने पार्सल पाठवण्यात गेली. पार्सल कंडक्टरकडे द्यायचं, गाडीचा नंबर टिपायचा आणि पलीकडे फोन करायचा, 'मिळालं का?' फाइल चढली की सर हैदराबादला, ज्या कंपनीकडून आम्ही सर्व्हरवर जागा घेतली होती तिथे फोन लावायचे. आधी 'गुड मॉर्निंग', मग तब्येत, मग विचारणा.

"सर, आपके स्क्रीन पे 'ट्रान्सफर कम्प्लीट' आया ना?" पलीकडचा माणूस कळवळून म्हणायचा.

"ते पाठवणाऱ्याचं म्हणणं झालं," सर फोनवर हात ठेवून मला सांगायचे. "घेणाऱ्याने नको का सांगायला? कालव्याच्या ऑफिसातपण 'सोडलं' असंच लिहिलेलं असतं!"

त्या दिवसापासून मी एसटीडीच्या बिलाबद्दल तोंड उघडणंच बंद केलं.

पावसाळ्यात एकदा दिवसभर लाइट नव्हती आणि फोटो चढला नाही. संध्याकाळी फोन वाजला. हैदराबाद! "सर, आज फाइल नहीं आयी. घर पे सब ठीक है ना?"

*

आता निळं पाणी.

सुरुवातीचे फोटो बरे चढले. मग एकदा मी घाईत प्रोग्रामची एक सेटिंग बदलली. लिहिलेला मजकूर एका पद्धतीने पाठवायचा असतो आणि फोटो दुसऱ्या. माझा फोटो मजकूर म्हणून गेला आणि वाटेत मोडला. वेबसाइटवर चारीच्या मधोमध निळा पट्टा उमटला, वर थोडा जांभळा.

दुसऱ्या दिवशी कालव्याच्या ऑफिसातून साहेबांचा फोन. आवाजात नुसता विजय! "मॅडम, तुमच्याच फोटोत पाणी दिसतंय! चांगलं काठोकाठ आहे. आम्ही प्रिंट काढून वर पाठवतोय."

मी बिट्स, बाइट्स, मोड, सगळं समजावून सांगितलं. साहेब हसत होते. शेवटी मी आत्याला घेऊन ऑफिसात गेले. साहेबांनी रंगीत प्रिंट टेबलावर ठेवली. आत्याने ती उजेडात धरली, लांब धरली, जवळ धरली.

"सायेब, तुमी नवीन आलाय का इकडं?"

"का हो?"

"कालव्याचं पानी कवा बघितलंय का? ते चहावानी असतं. एवढं निळं आमच्या बापजन्मात आलं न्हाई!"

बाहेर उभा असलेला शिपाई इतका हसला की साहेबांनी त्याला आत बोलावून काम सांगितलं.

*

मग हेडची जीप आली. तिघे जण उतरले आणि चपला न काढता सरांच्या बैठकीत शिरले.

"ती वेबसाइट काढून टाका."

"का?" मी विचारलं.

"बदनामी हुतीया."

"चारी कोरडी आहे, तिची बदनामी कशी होईल?"

पुढाऱ्यासारखा दिसणारा कॉम्प्युटरकडे वळला. "मग आमीच नेतो. कुठं हाय ती? ह्या डब्यात का?"

साळवे सर शांतपणे म्हणाले, "ती इथे नाही. सर्व्हर अमेरिकेत आहे."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण हळूच म्हणाला, "अमेरिकेत आपलं कोन हाय?"

"ह्याचा मेव्हणा हाय, पन तो हाटेलात हाय," दुसरा तिसऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

ते निघून गेले, पण जाताना टेलिफोनची, म्हणजे आमच्या इंटरनेटचीही, वायर तोडून गेले. म्हणून आप्पांनी मोटरसायकल काढली. एफटीपीचा प्रोग्राम एका फ्लॉपीवर, फोटो दुसऱ्या फ्लॉपीवर, आणि आम्ही शिक्रापूरच्या सायबर कॅफेत. शिफ्ट सुटलेली. कारखान्यातली बिहारची मुलं घरच्यांना मेल करायला रांगेत उभी. आमची फाइल मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि बाहेर ट्रक गेला की टेबलासकट सगळं हादरत होतं.

"दीदी, रिज़ल्ट है क्या?" मागून एकाने विचारलं.

"नहीं. नहर है." मी कोरडा फोटो दाखवला. पाणी मध्येच कसं मुरतं ते सांगितलं.

रांग पुढे सरकून आमच्या खुर्चीभोवती गोळा झाली. मालक ओरडला, "टाइम हो गया, उठो!" तसा तो मुलगा त्याच्यावरच डाफरला, "रुको ना! चढ़ने दो. हमारे गाँव में भी सबसे आख़िर में हम ही हैं."

फाइल पूर्ण चढली तेव्हा जो आरडाओरडा झाला, तो ऐकून शेजारचा ढाबेवाला स्कोअर विचारायला आला!

*

शेवटी पुण्याच्या एका पत्रकाराने वेबसाइट बघितली आणि लिहिलं. वरून विचारणा झाली. साहेबांनी आमच्या फाट्याच्या पाटकऱ्याला, म्हणजे कालव्याची दारं उघडणाऱ्या माणसाला, हुकूम सोडला: फोटोत पाणी दिसलं पाहिजे!

फोटोत पाणी दिसायला लागलं. पाटकरी सकाळी दार उघडायचा, पाणी यायचं, आत्या फोटो काढायची. कॅमेरा पिशवीत गेला की पाटकरी सायकलवर टांग मारायचा आणि थोड्याच वेळात चारी पुन्हा ठणठणीत. वावराला थेंब नाही. आणि वेबसाइटवर रोज झुळझुळ पाणी! आमच्याच हाताने आम्ही त्यांची साक्ष चढवत होतो. मी संतापून वस्तीवर जाऊन आत्याला सांगितलं की आता साइटच बंद करते.

"तू तुजी खिडकी बघ," आत्या म्हणाली. "चारीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून फ्लॉपी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, संपलं. आत्या मेंढरं बघायला बाजाराला गेली असणार. मी मिळेल त्या गाडीने वस्ती गाठली.

आत्या चारीच्या काठावर बाभळीखाली बसली होती. कॅमेरा मांडीवर, पिशवीची चेन लावलेली. चारी काठोकाठ. चारीवरच्या मोरीच्या पुलावर पाटकरी उभा, टोपी हातात, घामाघूम.

"मावशी, काढा की आता! कालपास्नं दार उघडं हाय."

आत्याने आभाळाकडे बघितलं. "ऊन सरळ न्हाई."

"काल बी तेच म्हनला!"

"काल ढग व्हता."

"सायबांचा सारखा निरोप येतुया. इंटरनेटवर फोटो का दिसंना म्हनून. वर दाखवायचा हाय त्यास्नी."

"दाखवू की. मी काय न्हाई म्हनते का?" आत्याने मान वळवली आणि मागच्या वावरांकडे हाळी दिली, "आरं, कुनाचं वावर भिजवायचं ऱ्हायलं?"

लांबून आप्पांचा आवाज आला, "खालच्या आळीचं समदंच ऱ्हायलंय!"

आत्याने पिशवी मांडीवर नीट सरकवली आणि पाटकऱ्याला सावलीत जागा करून दिली.

"बसा दादा. चहा घ्या. फोटो घाईत चांगला येत न्हाई."