टोपीवरची ओकबुन

कोरियातल्या गोचांगच्या बाजारात ओकबुनआजीपुढे सिनेमाचा विषय काढायची सोय नव्हती. काढलाच, तर हातातला मुळा खाली ठेवून ती सुरू, "मी होते की सिनेमात! सरदारकन्या प्रियकराला चोरून भेटायला जाते ना, तेव्हा पुढे कंदील धरून चालणारी दासी म्हणजे मी."

"हो गं बाई, आणि घोडा म्हणजे मी!" शेजारच्या गाळ्यावरची चुन्जा म्हणायची. पन्नास वर्षं ही थट्टा चालली होती. त्या सिनेमाची एकही प्रत उरली नव्हती, मग बिचारी पुरावा आणणार कुठून?

आणि यंदा सोलमध्ये कुणाच्या तरी माळ्यावर प्रत सापडली! गावच्या सभागृहात दुपारचा खेळ ठरला. ओकबुनने केस कुरळे करून घेतले, ठेवणीतला हानबोक घातला आणि चुन्जाला दंडाला धरून पहिल्या रांगेत बसवलं. नवरा दोक्सू, पूर्वीचा गवती टोप्या करणारा, सकाळपासून पोट दुखतंय म्हणत होता. त्यालाही ओढत आणलं.

सिनेमा होताच तसा. सरदारकन्येने प्रियकराच्या बाहीला नुसती करंगळी लावली, तर बाया पदरासारखे रुमाल डोळ्यांना लावू लागल्या. हल्ली गळ्यात पडतात, तरी कुणाला काही वाटत नाही. मग तिने दासीला हाक मारली, "कंदील घे गं!" आणि पुढच्याच क्षणी तिचं दुसऱ्याशी लग्न! मधलं रीळ सापडलंच नव्हतं.

"कंदील विझला वाटतं," चुन्जा म्हणाली. सगळे खो खो हसले. ओकबुनला रडू कोसळलं.

घरी आल्यावर दोक्सूने खुंटीवरची जुनी टोपी काढली. या टोपीला तो कुणाला हात लावू देत नसे. तो टोप्या करायचा तेव्हा सिनेमाच्या जुन्या फिती भंगारात मिळत आणि त्या टोप्यांना पट्टी म्हणून गुंडाळत.

"अगं, ते रीळ... मीच टोप्यांना गुंडाळलं."

"काय?"

"शेवटच्या टोपीला गुंडाळताना पट्टीत तू दिसलीस. तोवर बाकीची तू शेतकऱ्यांच्या डोक्यावर जाऊन बसली होतीस."

"आणि पन्नास वर्षं मिठाची गुळणी धरून बसलात?"

"जीव घेतला असतास माझा!"

"आताही घेणार आहे! मग ही एकच का ठेवलीत?"

"विकवेना गं."

शिव्यांसाठी उघडलेलं तोंड ओकबुनने तसंच मिटलं. पट्टीचं टोक सोडवून तिने उजेडात धरलं. कंदील धरलेली, एकोणीस वर्षांची. किती वेळ ती बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने टोपी चुन्जाच्या नाकासमोर उन्हात धरली.

"बघ नीट. ही मी. आता सांग, घोडा कुठाय?"