तिकिटाचं पान

त्रेचाळिसाव्या वर्षी मी वेलिंग्टनमध्ये पुन्हा विद्यार्थिनी झाले. पहिल्या आठवड्यात करायच्या अकरा कामांपैकी बँकेत विद्यार्थी खातं उघडणं हे सातवं काम होतं. रांगेत माझ्या पुढेमागे अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला. काउंटरवरच्या बाईंनी मला कुणाची तरी आई समजून बाजूच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. खातं माझंच उघडायचंय म्हटल्यावर मात्र त्यांनी सगळं नीट समजावलं. खात्याला ओव्हरड्राफ्ट होता, म्हणजे शिल्लक शून्य झाली तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढता येणार होते आणि शिक्षण चालू आहे तोवर त्यावर व्याज नव्हतं. मर्यादा पहिल्या वर्षी हजार डॉलर आणि तिसऱ्या वर्षी दोन हजार.

आमच्या सांगलीच्या घरी उधारी फक्त दुधाची चालायची, तीही महिनाअखेरीपर्यंत. त्यामुळे या पैशांना हात लावायचा नाही हे मी बाहेर पडतानाच ठरवलं, आणि लावलाही नाही. पण माझ्या वहीत प्रत्येक विषयाला एक पान असतं. ओव्हरड्राफ्टची नोंद मी ज्या पानावर केली, त्याच्या माथ्यावर लिहिलं होतं ‘आई – तिकीट’.

आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात तिकिटाचे पैसे कुठे ना कुठे असतात. तिकडून फोन आला की कुणाला न विचारता निघता यावं, एवढे. बायका एकत्र जमल्या की यावर थट्टाही चालते. वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल भागात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी मैत्रीण म्हणायची, “माझं तिकीट नवऱ्याच्या कार्डात आहे आणि कार्ड माझ्या पर्समध्ये.” मी माझं सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, “म्हणजे तुझी आई बँकेच्या भरवशावर!”

आईच्या हृदयाचं दुखणं जुनं. दोन वर्षांपूर्वी तिला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी फोनवर येते म्हणाले होते. तिने साफ नको म्हटलं. परीक्षा बुडवू नकोस, म्हणाली. मग म्हणाली, “पण मी गेल्यावर धावत येऊ नकोस. त्याला काय अर्थ आहे? बोलता येतंय तोवर ये.” हे वाक्य मी त्याच पानावर तारीख घालून लिहून ठेवलं. मला त्या पानावरचं काम कळलं होतं. ती बोलत असताना पोचायचं.

तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि नवीन मिळेना. घराचा हप्ता चालूच होता. ऑक्टोबरपर्यंत बाजूला टाकलेलं सगळं संपलं, दोन्ही क्रेडिट कार्डं काठोकाठ भरली. दर रविवारी मी खर्चाचा कागद करायची आणि आम्ही दोघं तो बघायचो. तिकिटाच्या पानाकडे बघायची गरज नव्हती. ते दोन हजार जागच्या जागी होते. वर हजारभर माझ्या खात्यात असायचेच.

नोव्हेंबरमध्ये अभ्यासक्रम संपला. बालवाडीत नोकरी मिळाल्याचं पत्रही आलं, सुरुवात जानेवारीअखेर. मी नवं पान केलं: ‘कोर्स संपल्यावर’. ग्रंथालयाची पुस्तकं, लॉकरची किल्ली, बसचं सवलतीचं कार्ड, शिक्षक नोंदणीचा अर्ज, बँक. एका गुरुवारी सकाळी नऊला निघाले ती एक-एक उरकत बाराला बँकेत पोचले.

काउंटरवर या वेळी एक तरुण मुलगी होती. तिने माझं अभिनंदन केलं आणि कुठे शिकवणार वगैरे विचारलं. मग संगणकाकडे बघत म्हणाली की आमच्याकडे तुमची विद्यार्थी म्हणून नोंद मार्चअखेरपर्यंत आहे. आत्ताच बदलू, की तोवर राहू दे? तिने हेही सांगितलं की बदललं की ओव्हरड्राफ्ट बंद होईल. पदवीधरांसाठी वेगळा असतो, पण त्याला पगार सुरू झालेला लागतो.

मी विचारलं, आज बदललं तर यासाठी परत यावं लागेल का?

नाही, ती म्हणाली.

“मग आजच करून टाका,” मी म्हणाले.

“स्वीट ॲज,” हे इथलं ‘मस्तच’ म्हणून तिने चार बटणं दाबली.

मला सगळं सांगितलं गेलं होतं आणि मी ते ऐकलंही होतं. जी गोष्ट वापरत नव्हते ती जात होती, एवढाच अर्थ मी त्यातून घेतला. आई दुसऱ्या पानावर होती. बाहेर येऊन फुटपाथवर उभ्याउभ्याच मी ‘बँक’समोर खूण केली. पाचही कामं एका सकाळी झाल्याचा आनंद झाला होता, हे आठवतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी धाकट्या भावाचा फोन आला. तिकडे सकाळचे सात वाजले होते. आईला पहाटे आयसीयूत हलवलं होतं. डॉक्टरांनी फार तर चार-पाच दिवस, असं सांगितलं होतं. “ताई, शुद्धीवर आहे, बोलतेय. तू निघ,” तो म्हणाला. मी म्हणाले, निघते.

पासपोर्ट, व्हिसाऐवजी चालणारं ओसीआय कार्ड, बॅगेत काय घालायचं त्याची यादी, सगळं तयार होतं. नाताळाआधीचे दिवस, तिकीट एकतीसशेला. शनिवारी संध्याकाळच्याच विमानात एक जागा होती. पैसे भरायला गेले आणि बँकेने नाकारलं. पुन्हा भरून पाहिलं. मग खातं उघडलं. माझे अकराशे होते. त्याखाली जिथे मर्यादेचा आकडा असायचा, तिथे काहीच नव्हतं.

नवरा मागे उभा होता. मुलगी स्वयंपाकघरातून आली, तिला सांगितलं. चौदा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं. म्हणाली, “आई, जस्ट आस्क मावशी.” मावशी म्हणजे दोन गल्ल्या पलीकडची मैत्रीण. मी म्हणाले, आपण असं लोकांकडे मागत नाही. आधी बँकेशी बोलते.

बँकेचा फोनवरचा माणूस सभ्य होता. विद्यार्थी खातं परत सुरू करता येणार नाही, कारण कोर्स संपल्याचं मीच कळवलं होतं. नोकरीचं पत्र जोडून साधा अर्ज करता येईल, पण तो तपासणारे लोक सोमवारी येतील. मी विचारलं, लवकरात लवकर कधी? त्याने सोमवारी सकाळचं सांगितलं. मी दहा मिनिटांत अर्ज भरला. पत्र जोडलं, नवऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टचे जुने कागद जोडले. रीतसर काम होतं आणि ते मला येत होतं. भावाला कळवलं की जागा मिळत नाहीये, सोमवारचं बघतेय.

रविवारी त्याचे दोन फोन आले. दुसऱ्या वेळी म्हणाला की आई विचारतेय, विमानात बसली का. “मी हो म्हटलंय तिला,” तो म्हणाला.

सोमवारी साडेदहाला बँकेचा फोन आला. घरात चालू उत्पन्न नाही, त्यामुळे आत्ता मंजूर करता येत नाही. पगार सुरू झाल्यावर जरूर या.

अकरा वाजता मी मैत्रिणीच्या दारात उभी होते. तिने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. पर्समधून कार्ड काढून माझ्या हातात दिलं, मला टेबलाशी बसवलं, लॅपटॉप पुढे सरकवला. तिकीट झाल्यावर म्हणाली, “अगं, शनिवारीच का नाही आलीस?”

मी म्हणाले, बँकेचं बघत होते.

मंगळवारी सकाळी निघाले आणि बुधवारी अंधार पडता पडता सांगलीत पोचले. आईच्या तोंडात नळी होती. हात गरम होता. मी कानाशी जाऊन आले म्हणून सांगितलं, दोनदा, तीनदा. मॉनिटरवरची रेघ होती तशीच चालत राहिली. भावजय बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसली आणि हळू आवाजात सांगत राहिली. रविवारी रात्रीपर्यंत आई बोलत होती. पेज नको म्हणाली. कपाटातल्या दोन साड्या कुणाला द्यायच्या ते सांगितलं. झोपायच्या आधी म्हणाली, “तिला उतरल्यावर आधी जेवायला घाला.” सोमवारी पहाटे नळी घालावी लागली.

मी मनात हिशेब केला. शनिवारच्या विमानाने मी रविवारी रात्री साडेआठला त्या बाकाशी असते.

आई गुरुवारी दुपारी गेली. बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. चौथ्या दिवशी ते मला म्हणाले, “ऐन वेळेचं तिकीट महाग पडलं असेल.” मी म्हणाले, फार नाही. भाऊ समोरच होता. जागा मिळत नव्हती असंच तो आजही समजतो. मुलीला खरं माहीत आहे.

जानेवारीअखेर नोकरी सुरू झाली. दुसरा पगार जमा झाला त्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं. पदवीबद्दल अभिनंदन, आणि पदवीधर म्हणून तीन हजारांचा ओव्हरड्राफ्ट, पहिलं वर्ष बिनव्याजी, पुढे दर वर्षी मर्यादा कमी होत जाणार. पत्र दोन दिवस टेबलावर पडून होतं. मैत्रिणीचे पैसे तोवर निम्मे फिटले होते. उरलेले फेडायला हा ओव्हरड्राफ्ट वापर, असं नवऱ्याने सुचवलं. मी नाही म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सही करून पत्र पाठवलं. मग वही घेतली. जुनं पान फाडलं नाही, मी पानं फाडत नाही. पुढचं कोरं पान काढलं, वर ‘बाबा – तिकीट’ लिहिलं, त्याखाली रक्कम, त्याखाली मर्यादा कमी होण्याच्या तारखा. शेवटच्या ओळीत मैत्रिणीचा फोन नंबर लिहिला आणि पुढे लिहिलं: आधी इथे.