मोरचुदाखालचा बिल्ला

माझा काका दगड गोळा करायचा आणि त्यांचे फोटो काढायचा. एवढं सांगितलं की लोक हसतात. मला राग येतो, पण त्यांना काय बोलायचं? तो जिवंत होता तेव्हाही लोक हसतच होते. सगळे त्याला 'दगडोबा' म्हणायचे आणि तोही त्या हाकेला ओ द्यायचा. हाक मारणाऱ्याचं हसून होईपर्यंत शांत उभा राहायचा आणि मग विचारायचा, "बोला, काय काम काढलंत?"

काम बहुधा पासपोर्टच्या फोटोचं असायचं. तांब्याची खाण बंद पडल्यावर खाणीतला हा माणूस एका फोटोच्या दुकानात लागला आणि तिथेच कॅमेरा शिकला. दिवसभर तो माणसांना "हलू नका" म्हणायचा. दगडांना तसं सांगावं लागत नाही, म्हणूनच ते त्याला माणसांपेक्षा जवळचे असावेत, असं माझी आई म्हणायची. दिराला टोमणा मारायची संधी तिने कधी सोडली नाही. तो लग्न न करता आमच्याच घराच्या मागच्या खोलीत राहत होता, त्यामुळे तिला संधी भरपूर मिळायच्या.

त्या खोलीत एक लोखंडी खाट, एक टेबल आणि एका शिंप्याच्या दुकानातून आणलेली बटणांची दोन कपाटं होती. कपाटांच्या छोट्या छोट्या खणांत आता कापसावर दगड होते. हिरवे, जांभळे, सोन्यासारखे चकाकणारे आणि सोनं नसलेले. एकावर तर इतके बारीक पांढरे काटे होते की खण उघडताना श्वास रोखावा लागे. मी लहानपणी त्यावर फुंकर मारली होती आणि दोन दिवस काका माझ्याशी बोलला नव्हता.

दगडाचा फोटो काढणं म्हणजे काय काम असतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. काळ्या मखमलीच्या तुकड्यावर मेणाचा गोळा, त्यात दगड रोवलेला. दोन्ही बाजूंना टेबललॅम्प, त्यांच्यापुढे ट्रेसिंग पेपर, म्हणजे उजेड मऊ होतो. मग मी पांढरा पुठ्ठा हातात धरून तो म्हणेल तसा कलता करायचा. "जरा खाली. आणखी. आता मेलीस तरी हलू नकोस." इतक्या जवळून फोटो काढला की दगडाची एखादी पातळ पट्टीच स्पष्ट येते, बाकी सगळं धूसर. म्हणून कॅमेरा केसाएवढा पुढे सरकवत एकाच खड्याचे तीस-चाळीस फोटो काढायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर ते एकमेकांत जुळवायचे. एका दगडापायी रविवार जायचा. पण शेवटी पडद्यावर जे दिसायचं, ते पाहून मीसुद्धा गप्प बसायची, आणि मला गप्प बसवणं सोपं नाही.

फोटोनंतर चिठ्ठी. दगडाचं नाव, कोणता बोगदा, कुठल्या बाजूची भिंत, तारीख, कोणी उचलला. चिठ्ठीच्या बाबतीत काका हट्टी नव्हता, तो हेकेखोर होता. जे स्वतः पाहिलं तेच लिहायचं. ठाऊक नसेल तिथे रेघ. एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक त्याचा संग्रह पाहायला आले आणि एका हिरव्या दगडावर भाळले. म्हणाले, "हा नक्की दोन नंबरच्या बोगद्यातला आहे. तुम्ही फक्त तसं लिहून द्या, आम्ही काचेच्या कपाटात ठेवतो, खाली तुमचं नाव." काका म्हणाला, "मला बाहेरच्या ढिगाऱ्यात मिळाला. आत कुठला होता ते मी पाहिलेलं नाही." प्राध्यापकांनी परोपरीने समजावलं. रंगावरून कळतं म्हणाले, शंभर टक्के खात्री आहे म्हणाले. काकाने चहा विचारला आणि दगड परत खणात ठेवला. "अंदाज लिहिला की त्या दगडाचं वाटोळं होतं," तो मला नंतर म्हणाला. "पुढचा माणूस अंदाजाला खरं समजतो." मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

आता बाबांचं सांगते. बाबा त्याचे थोरले भाऊ, दोघेही त्याच खाणीत कामाला. मी चार वर्षांची असताना एका सकाळी बाबा घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. त्याच दुपारी खाणीचा तिसरा बोगदा कोसळला.

कुणालाही वाटेल की यात कोडं काय आहे? पण खाणीच्या फाटकाशी एक मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक कामगाराच्या नंबरचा एक हुक आणि हुकाला त्याच नंबरचा तांब्याचा बिल्ला. खाली उतरताना आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, वर आल्यावर परत अडकवायचा. ज्याचा हुक रिकामा तो माणूस खाली, इतका साधा कारभार. त्या दिवशी बाबांचा बिल्ला हुकावर होता. त्यांची सुट्टीच होती. ज्यांचे हुक रिकामे होते त्या सगळ्यांचा पत्ता लागला. तिसऱ्या बोगद्यातलं कुणी जिवंत वर आलं नाही, कोण कोण उतरलं ते सांगू शकणारा मुकादमही नाही. एकच हुक जास्तीचा रिकामा निघाला आणि तो होता काकाचा. पण काका तर तापाने फणफणून तिसऱ्या दिवशीही घरीच पडला होता. हजेरी कारकून घरी येऊन त्याच्यावर खेकसला, "बिल्ला घरी घेऊन आलास ना? अशा दिवशी आमच्या जिवाला घोर लावतोस." बिल्ला चुकून खिशात राहणं तिथे रोजचंच होतं. शेवटच्या पाळीला आपण तो अडकवला की नाही, हे काकाला तापात आठवेना. खिसे चाचपून झाले, अंथरूण झाडून झालं, बिल्ला मिळाला नाही. हरवला असं ठरलं. आत कुणी राहिलेलं नाही म्हणून बोगद्याच्या टोकाचा ढिगारा उपसायचाही राहिला.

आणि बाबा पळून गेले असं ठरलं. त्याला साक्ष आईचीच. त्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. कशावरून, ते तिला आठवत नाही, किंवा ती सांगत नाही. बाबा म्हणाले, "या घरात राहण्यापेक्षा कुठेतरी निघून गेलेलं बरं." आईने दार उघडून धरलं आणि म्हणाली, "जा. परत तोंड दाखवू नका." हे तिने कुणापासून लपवलं नाही. लपवालपवी तिच्या स्वभावातच नाही.

पुढची एकतीस वर्षं आई ना नवऱ्याची होती, ना विधवा. कुठल्याही फॉर्मवर नवरा हयात आहे का, असा रकाना आला की ती पेन माझ्या हातात द्यायची. शाळेत कुणी विचारलं तर 'बाबा बाहेरगावी असतात' हे मी सहा वर्षांची असल्यापासून घोकलेलं होतं. घरात मात्र बाबांचा रोज उद्धार व्हायचा. नळ गळला, छप्पर ठिबकलं, मी नापास झाले, काहीही झालं तरी गाडी तिथेच. "सुटले ते. मजेत असतील कुठेतरी." काका समोर असला तर मान खाली घालून जेवायचा. ताट अर्धवट टाकून उठायचा. मला वाटायचं, भावाची लाज वाटत असेल.

दर रविवारी सकाळी तो पिशवी, हातोडी आणि टॉर्च घेऊन जुन्या खाणीत जायचा. राखणदार त्याच्याच पाळीतला, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं. काका गेल्यावर, गेल्या वर्षी, मी कपाटं आवरायला घेतली तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. खाणीत पाच बोगदे होते. त्याच्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर 'तिसरा बोगदा' लिहिलेलं आहे.

पण बिल्ला सापडला तो त्याच्या आधी तीन वर्षं. काका दुपारी घरी आला तो जेवणाचा डबा दोन्ही तळव्यांवर धरून, उकळतं दूध आणावं तसा. टेबलावर डबा ठेवून त्याने झाकण काढलं. आत ओल्या फडक्यावर तळहाताएवढा निळा गोळा होता. असा निळा रंग मी दुसरा पाहिलेला नाही. बोटाच्या पेरांएवढे स्फटिक एकमेकांत घुसलेले, आणि एका कडेला, त्यांच्यातून डोकावणारी, तांब्याच्या पत्र्याची गोल कड. तिला एक भोक.

"मोरचूद आहे," काका म्हणाला. "पाण्याने ढिगाऱ्याचा पायथा पोखरलाय. तिथे होता. सोबत पट्ट्याचं चामडं होतं, ते मी हलवलं नाही."

"बिल्ला आहे हा?"

"हो."

"कुणाचा?"

"धुतल्याशिवाय नाही कळणार."

मोरचूद पाण्यात विरघळतं, हे मला त्यानेच शिकवलेलं. नुसतं कोरड्या हवेत ठेवलं तरी पांढरं पडून त्याचा भुगा होतो. असा नमुना त्याला जन्मात मिळाला नव्हता आणि पुन्हा मिळणार नव्हता, हे मलाही दिसत होतं. तो दिवे लावू लागला. मी पुठ्ठा धरला. त्या दिवशी त्याने मला एकदाही 'हलू नकोस' म्हटलं नाही. चाळीस फोटोंचे ऐंशी झाले. मग त्याने स्टीलच्या पातेल्यात कोमट पाणी घेतलं, गोळा त्यात सोडला आणि खुर्ची ओढून समोर बसला.

पाणी निळं होत गेलं. काकाने दोनदा ते बदललं. तासाभराने त्याने बिल्ला बाहेर काढला, दात घासायच्या ब्रशने हलकेच घासला आणि उजेडात धरला. बाबांचा नंबर मला पाठ होता, दोनशे सहा. बिल्ल्यावर एकशे अठ्ठावन्न होतं.

"बाबांचा नाही," मी म्हणाले. खरं सांगते, मला हायसं वाटलं. "मग कुणाचा?"

"माझा," काका म्हणाला.

मग त्याने सांगितलं. सलग तीन दिवस गैरहजर राहिलं की नाव कमी व्हायचं, आणि तो त्याचा तापातला तिसरा दिवस होता. भांडून बाहेर पडलेले बाबा त्याच्या खिडकीपाशी थांबले होते. "तू पडून राहा, बघतो मी," एवढंच म्हणाले होते. काय बघतो, ते काकाने विचारलं नाही. की विचारलं, की ते सगळं तापात भासलं, हेही त्याला नक्की सांगता येईना.

"तुला कधीपासून वाटत होतं?"

"ताप उतरला तेव्हापासून."

"एकतीस वर्षं? आणि तू तोंडातून चकार शब्द काढला नाहीस?"

"वाटणं वेगळं, बाई. मी वहिनींना सांगितलं असतं की दादा खाली आहे, आणि दादा उद्या दारात उभा राहिला असता तर?" त्याने बिल्ला मांडीवर ठेवला. "आणि माझा बिल्ला घेऊन माझ्याऐवजी गेला, हे तोंडाने म्हणवतही नव्हतं."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण त्याच्या मांडीवर तो बिल्ला होता आणि तो अंगठ्याने त्यावरचा नंबर पुसत होता, पुन्हा पुन्हा, जणू अजून काहीतरी निघायचं राहिलंय. मी म्हणाले, "आईला तू सांगायचंस. मी नाही."

आई पुढच्या खोलीत शेंगा सोलत बसली होती. काका उंबऱ्यापाशी उभा राहिला आणि साक्ष द्यावी तसं त्याने सगळं सांगितलं. हुक, ताप, खिडकी, ढिगारा, नंबर. एकही शब्द जास्तीचा नाही. शेवटी बिल्ला तिच्यापुढच्या ताटलीत ठेवला. आईने हात पदराला पुसले, पण बिल्ल्याला हात लावला नाही.

"म्हणजे ते मला सोडून गेले नव्हते," ती म्हणाली.

"नाही, वहिनी."

"मी जा म्हटलं म्हणून गेले नाहीत."

"नाही. माझ्यासाठी गेला."

आई रडेल असं मला वाटलं होतं. ती बोलली ते अगदी हळू.

"मी त्यांना रोज शिव्या दिल्या, भाऊजी. रोज. मेलेल्या माणसाला. तुम्ही समोर बसून ऐकत होतात."

"मला खात्री नव्हती, वहिनी."

"खात्री कोणाला हवी होती?" आई म्हणाली. "मला अंदाज चालला असता."